मुक्काम आणि तारीख

महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या शहरात महापालिकेच्या नाट्यगृहापाशी जाऊन आगामी कार्यक्रमांचा फलक वाचला, तर यादीचा तोंडवळा साधारण सारखाच आढळतो. शुक्रवारी रात्री एक दोन अंकी कौटुंबिक नाटक. शनिवारी सकाळी एखाद्या शाळेचे स्नेहसंमेलन, दुपारी लावण्यांचा कार्यक्रम, रात्री दुसऱ्या संस्थेचे विनोदी नाटक. रविवारी दुपारी बालनाट्य, संध्याकाळी जुन्या चित्रपटगीतांची मैफल आणि रात्री परगावाहून आलेले तिसरेच नाटक. सोमवार ते गुरुवार ह्या रकान्यांत सत्कारसमारंभ, नृत्यवर्गांचे वार्षिक कार्यक्रम, किंवा काहीच नाही. प्रत्येक ओळीतली संस्था निराळी, निर्माता निराळा, प्रेक्षकही निराळा. ह्या सर्वांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तारीख.

यादी अशीच असायची, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. आमचे म्हणणे असे, की यादीचे हे रूप फार जुने नाही. त्याला उणीपुरी साठ-सत्तर वर्षे झाली. त्याआधी सुमारे तीन पिढ्या मराठी नाट्यगृहाची यादी अगदी निराळ्या तत्त्वावर बनत असे, आणि त्या तत्त्वाचे नाव होते मुक्काम. मराठी रंगभूमीचा इतिहास आपण नाटककारांच्या, नटांच्या आणि छापील संहितांच्या आधारे लिहितो. नाट्यगृह कोणाला, किती दिवसांसाठी आणि कोणत्या अटींवर मिळत होते, हा प्रश्न त्या इतिहासात तळटीपेपुरता येतो. आमच्या मते तो मध्यभागी यायला हवा, कारण नाटकाची लांबी, पात्रांची संख्या, नेपथ्याचा बोजा आणि नटाचे संस्थेशी असलेले नाते ह्या सगळ्यांवर त्या एका प्रश्नाच्या उत्तराचा ठसा उमटलेला आहे.

राजवाड्यातून बाजारात

विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा आगामी प्रयोग जाहीर करण्याचे कारणच नव्हते. आश्रयदाते श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन ह्यांची इच्छा हीच तारीख, आणि त्यांचे निमंत्रित हाच प्रेक्षक. खर्च संस्थानचा, जागा संस्थानची. असा खेळ घडतो आणि संपतो. तो पाहायला या, असे कोणा अनोळखी माणसाला सांगावे लागत नाही.

१८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाले आणि हा आधार तुटला. पोट भरायचे तर मंडळी घेऊन गावोगाव हिंडणे भाग होते. ह्याच फिरतीत भावे १८५३ साली मुंबईला आले. तेथे आधी गिरगावातल्या एका वाड्यात खेळ झाले आणि मग मार्च महिन्यात ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग झाला. नाना शंकरशेट ह्यांच्या जागेवर १८४६ मध्ये उभे राहिलेले हे नाट्यगृह तोवर प्रामुख्याने इंग्रजी खेळांचे होते. तेथे खेळ करायचा म्हणजे भाडे भरायचे, दर ठरवायचे आणि अमुक दिवशी अमुक वाजता अमुक खेळ होईल असे शहराला आधी कळवायचे. त्यासाठी वृत्तपत्राचा आधार घ्यावा लागला.

ह्या घटनेचे वर्णन 'मराठी नाटक व्यावसायिक झाले' असे केले जाते आणि ते खरेच आहे. पण त्यात आणखी एक बारकावा आहे. राजाच्या समोर होणाऱ्या खेळात शब्द दिलेला असतो तो एका माणसाला. जाहीर केलेल्या खेळात शब्द दिलेला असतो तो ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशा शेकडो लोकांना. यादी ही मुळात अशी वचनचिठ्ठी आहे. पुढच्या पाऊणशे वर्षांत नाटक मंडळ्यांची सगळी व्यवस्था ही वचनचिठ्ठी पाळण्याभोवती रचली गेली.

मुक्कामाचे युग

अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांच्या 'संगीत शाकुंतला'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. दोन वर्षांनी 'संगीत सौभद्र' आले. १८८५ मध्ये किर्लोस्करांचा अकाली मृत्यू झाला, तरी मंडळी टिकली, आणि १८९९ मध्ये देवलांच्या 'शारदे'पर्यंत तिच्यापाशी एक भरीव नाट्यसंच जमला. संच हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मंडळी एखाद्या शहरात जाई ती एक नाटक घेऊन जात नसे. ती आपले सगळे नाटकघरच उचलून नेई.

मुक्काम म्हणजे काय, हे जरा तपशिलात पाहिले पाहिजे. मंडळीचा कारभारी पुढे जाऊन नाट्यगृह काही आठवड्यांसाठी किंवा काही महिन्यांसाठी ठरवी. जवळपास एखादा वाडा भाड्याने घेतला जाई. त्यात मालक, नट, साथीदार, पडदेवाले, आचारी असे मोठे बिऱ्हाड उतरे. जेवणाची पंगत एकत्र बसे, तालमी तेथेच चालत, लहान मुलांना गाणे आणि अक्षरओळख तेथेच मिळे. रंगवलेले पडदे, कपड्यांच्या पेट्या, दागिने, मुखवटे हे सारे एकदा नाट्यगृहात लागले, की मुक्काम हलेपर्यंत तेथेच राहत. आठवड्यातले खेळाचे वार ठरलेले असत. गावात हस्तपत्रके वाटली जात, भिंतींवर चिकटवली जात, आणि आज 'सौभद्र', पुढच्या वारी 'मृच्छकटिक', त्यानंतर 'शारदा' अशी फिरती यादी लोकांपर्यंत पोहोचे.

म्हणजे त्या काळच्या यादीत संस्था एक आणि नाटके अनेक असत. आजच्या यादीच्या हे बरोबर उलट आहे. प्रेक्षकाला एकाच नटाला महिनाभरात पाच-सहा भूमिकांत पाहता येई. काल ज्याने नायक केला तो आज दुय्यम भूमिकेत दिसे. गाणे आज कसे लागले आणि गेल्या खेपेस कसे लागले होते, ह्याची तुलना करणारा एक जाणता वर्ग शहराशहरांत तयार झाला, तो ह्या पुनरावृत्तीमुळे. मराठी नाट्यसंगीताची जी रसिकता आपण वाखाणतो, तिला मुक्कामाची ही शिस्त कारण आहे असे आम्हांस वाटते.

खेळ लांबण्यालाही हेच कारण होते. नाट्यगृह मंडळीच्या ताब्यात, दुसऱ्या दिवशी पेट्या बांधायच्या नाहीत, मागून कोणी दुसरा निर्माता येऊन उभा राहायचा नाही. अशा स्थितीत चार-पाच अंकांचे नाटक, त्यात भरपूर पदे, आणि 'वन्समोअर' घेता घेता उलटून गेलेली मध्यरात्र, ह्यांत कोणाचेच काही अडत नव्हते.

जाहीर केलेला खेळ होणारच, ही मंडळ्यांची नीती किती कठोर होती, ह्याचे उदाहरण मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही, तरी येथे ते टाळता येत नाही. 'संगीत मानापमाना'चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत जाहीर झाला होता. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचा मृत्यू झाला. प्रयोग रद्द करण्याची तयारी असताना बालगंधर्वांनी तो होऊ दिला आणि भामिनीची भूमिका केली. ह्या प्रसंगाकडे आपण नटाच्या निष्ठेची कथा म्हणून पाहतो. ती तशी आहेच. पण एका बापावर एवढा भार पडावा इतके बळ त्या जाहीर केलेल्या ओळीला आले होते, हेही त्यातून कळते. आजच्या वाचकाला ह्या कथेत भव्यतेबरोबर क्रौर्यही जाणवत असेल, तर ते जाणवणे चुकीचे नाही.

दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, त्याच नाटकाचा संयुक्त प्रयोग मुंबईत झाला. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी ह्या दोन संस्था एरवी एकमेकींच्या स्पर्धक. त्या एका रात्रीपुरत्या एका यादीत आल्या. तिकिटांचे दर नेहमीच्या मानाने फारच चढे होते आणि तरीही नाट्यगृह भरून गेले. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले, त्यामुळे ह्या प्रयोगाभोवती दंतकथेचे वलय जमले. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. संस्थेच्या नाट्यसंचापेक्षा एका रात्रीच्या एका खेळासाठी, दोन नावांच्या ओढीने, लोक धावू शकतात हे त्या दिवशी दिसून आले. पुढच्या काळाची पावले तेथे ऐकू येतात.

यादीवर मंडळीचीच सत्ता होती असेही समजू नये. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने सरकारला खेळ बंद करण्याचा अधिकार दिला होता. खाडिलकरांचे १९०७ चे 'कीचकवध' तीन वर्षे गाजत राहिले आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली. फिरत्या यादीतून एक नाव गळले. मंडळीपाशी दुसरी नाटके होती म्हणून ती तगली. नाट्यसंच असण्याचा हाही एक उपयोग होता. एका खेळाच्या बंदीने संस्था उपाशी मरत नसे.

बिऱ्हाड मोडले

ही व्यवस्था बोलपटाने मोडली, असे एका वाक्यात सांगण्याची पद्धत आहे. 'आलम आरा' १९३१ चा, 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांत बहुतेक मंडळ्या डबघाईला आलेल्या, हा कालक्रम खरा आहे. पण बोलपटाने नाटकाचा प्रेक्षक नेला, त्याहून अधिक घातक रीतीने त्याने नाटकाची जागा नेली. चित्रपटाला दिवसातून तीन-चार खेळ करता येतात, बिऱ्हाड लागत नाही, आजारी नट लागत नाही. नाट्यगृहाच्या मालकाने कोणता भाडेकरू पसंत करावा हे सांगायला नको. मुंबईचे गेइटी नाट्यगृह १८७९ चे. ते आधीच, १९२८ च्या सुमारास, कॅपिटॉल चित्रपटगृह झाले होते. जेथे बालगंधर्व गायले त्या रॉयल ऑपेरा हाऊसचेही पुढे चित्रपटगृहच झाले. गावोगावच्या लहान थिएटरांची कहाणी ह्याहून निराळी नाही.

मंडळ्यांचे आपले दोषही होते. भरजरी पोशाख, उंची सामान, मोठे बिऱ्हाड आणि कर्ज ह्यांचा मेळ गंधर्व मंडळीला कधीच बसला नाही. १९३५ साली खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त उतरले. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणून आटोपशीर, वास्तववादी नाटकाचा नवा नमुना दाखवला. स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. वाट दिसली होती, पण तिच्यावर चालायला घर उरले नव्हते.

मधल्या काळात ठेकेदार आला. नामांकित नटांना एका रात्रीपुरते एकत्र आणायचे, जुने यशस्वी नाटक निवडायचे, मिळेल तो मांडव किंवा चित्रपटगृहातली मोकळी रात्र धरायची, आणि नटांना रात्रीच्या हिशेबाने पैसे द्यायचे. नटाच्या मोबदल्याला आजही 'नाइट' म्हणतात. हा शब्द कोणत्या व्यवस्थेतून आला हे त्याच्याकडे पाहताच कळते. मुक्कामात नट महिन्याच्या पगारावर, संस्थेच्या पंगतीला असे. आता त्याचे संस्थेशी नाते सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंतचे झाले.

तारखेचे युग

१९४३ मध्ये सांगलीला मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली आणि पुढच्याच वर्षापासून मुंबई मराठी साहित्य संघाने नाट्यमहोत्सव सुरू केले. जागा उघड्यावरची होती. नाटक जगवायचे तर नाटकासाठी बांधलेली जागा हवी, हा विचार ह्या काळात बळावला आणि दोन दशकांनी त्याला फळ आले. गिरगावात संघाचे नाट्यगृह १९६४ मध्ये उघडले, दादरचे शिवाजी मंदिर १९६५ मध्ये. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते बसली. ते उघडले २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी; पण तो दिवस पाहायला ते नव्हते. त्यांचे निधन आदल्या वर्षी जुलैमध्ये झाले होते. ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ चे.

ह्यांपैकी पुण्याचे आणि ठाण्याचे नाट्यगृह महापालिकांचे आहे, आणि पुढे राज्यभर जी नाट्यगृहे झाली त्यांतली पुष्कळशी नगरपालिका-महापालिकांनीच बांधली. ही साधी गोष्ट नव्हे. रस्ते, पाणी आणि गटारे ह्यांच्या बरोबरीने शहराने नाट्यगृहही नागरिकांना द्यावे, असे ह्या समाजाने ठरवले. संस्थानिकाचा आश्रय गेल्यावर जवळजवळ सव्वाशे वर्षांनी करदात्यांचा आश्रय उभा राहिला. मात्र सार्वजनिक जागेचा एक नियम असतो: ती कोणा एकाला महिनोन्महिने देता येत नाही. दिवसाची सत्रे पाडायची, काही महिन्यांच्या तारखा एकदम वाटायच्या, आणि प्रत्येकाने आपली तारीख संपताच रंगमंच रिकामा करून द्यायचा. न्याय्य वाटपाच्या ह्या तत्त्वातून आजच्या यादीचा जन्म झाला.

ह्या तत्त्वाने नाटकाला नवे शरीर दिले. दुपारच्या सत्रात एक सेट, रात्रीच्या सत्रात दुसरा. म्हणून सेट घडीचा, तासा-दोन तासांत लागणारा आणि उतरणारा. आज पुणे, उद्या दादर, परवा कोल्हापूर. म्हणून पात्रे एका बसमध्ये मावतील इतकी. मुंबईत शेवटची लोकल गाठायची असते, म्हणून पाच अंकांचे तीन झाले आणि तिनांचे दोन. ह्या बंधनांत राहूनही मोठे काम झाले. 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी, म्हणजे पुण्यात बालगंधर्वच्या कोनशिलेचा समारंभ झाला त्याच दिवशी, दिल्लीत झाला. त्याचा फिरता रंगमंच हे पडदा न पाडता स्थळे बदलण्याच्या गरजेला दिलेले बुद्धिमान उत्तर होते. बंधने कलेला मारतातच असे नाही. कधी कधी ती कलेला युक्ती शिकवतात.

यादीचे लेखनही बदलले. वर्तमानपत्रांतले नाटकांच्या जाहिरातींचे पान ही मराठी पत्रकारितेची एक खास वस्तू आहे. लहान लहान चौकटी, त्यांत नाटकाचे नाव, नटांची नावे, नाट्यगृह, वेळ, 'प्लॅन चालू' आणि प्रयोगाचा क्रमांक. कमल शेडगे ह्यांच्यासारख्या अक्षरकारांनी नाटकाच्या नावाला चेहरा दिला. अक्षराच्या वळणावरून नाटक गंभीर की विनोदी हे वाचकाला कळे. प्रयोगक्रमांकाचे महत्त्व मात्र आमच्या मते तारखेच्या युगाचे अपत्य आहे. मुक्कामात संस्थेची पत तिच्या नाट्यसंचावरून ठरे. तारखेच्या बाजारात एकेक नाटक स्वतंत्रपणे उभे असते, आणि शंभरावा, पाचशेवा हे आकडे त्याच्या पत्रिकेतले ग्रह असतात.

आणि ज्यांच्यासाठी तारीख मिळणे हीच लढाई होती त्यांचे काय? तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' १९७२ मध्ये रंगमंचावर आले आणि थोड्याच प्रयोगांनंतर परिनिरीक्षण मंडळाने ते अडवले. कमलाकर सारंगांना न्यायालयात जावे लागले. त्याच वर्षी १६ डिसेंबरला पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' झाले आणि एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेनेच ते थांबवले. ते पुन्हा उभे राहिले थिएटर अकादमी ही नवी संस्था स्थापन झाल्यावर, १९७४ मध्ये. मुक्कामाच्या युगात मंडळीपाशी बंदी पचवायला दुसरी नाटके होती. तारखेच्या युगात नाटक अडले, की त्यासाठी जमलेली माणसेच विखुरतात, आणि ती पुन्हा गोळा करायला नवी संस्था काढावी लागते. प्रायोगिकांना तर मोठ्या नाट्यगृहांचे भाडे आणि आसनसंख्या दोन्ही झेपणारे नव्हते. म्हणून 'आविष्कार'ने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह धरले. मराठी नाटकातले अत्यंत महत्त्वाचे एक प्रकरण नाट्यगृहाच्या यादीबाहेर, शाळेच्या जिन्यावरून वर जाऊन लिहिले गेले, ही ह्या व्यवस्थेवरची मूक टीका आहे.

आज पणाला काय लागले आहे

मार्च २०२० मध्ये सर्व फलक एकाच दिवशी कोरे झाले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात निम्म्या आसनांवर परवानगी मिळाली, २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत दारे पुन्हा मिटली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी ती परत उघडली. ह्या कोऱ्या महिन्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. तारखेवर जगणाऱ्या व्यवस्थेत नाइट नसली तर कलावंताला आणि पडद्यामागच्या कामगाराला काहीच नसते. मुक्कामातली पंगत, तिचे सगळे दोष धरूनही, निदान पंगत होती.

नाट्यगृहे उघडली तरी प्रश्न मिटले नाहीत. परळचे १९२२ पासूनचे दामोदर नाट्यगृह, जेथे गिरणी कामगारांची रंगभूमी वाढली, ते २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ च्या सुमारास पॅलेस थिएटर म्हणून उभारलेले. संस्थानिकाचा आश्रय, मंडळ्यांचे मुक्काम आणि महापालिकेच्या तारखा ह्या तिन्ही अवस्था पाहिलेली अशी दुसरी वास्तू सापडणे अवघड. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ती आगीत भस्मसात झाली. पुण्यात बालगंधर्व पाडून नवे बांधावे की आहे ते जपावे, हा वाद वर्षानुवर्षे गाजला. ह्या चर्चांत इमारतीविषयी पुष्कळ बोलले जाते: आसने, वाहनतळ, वातानुकूलन, स्वच्छतागृहे. ते बोललेच पाहिजे. पण इमारत उभी राहिल्यावर आत कोणती यादी लागणार, ती कोण ठरवणार आणि कोणत्या तत्त्वाने, ह्याविषयी फारच थोडे बोलले जाते.

लावणी, वाद्यवृंद, स्नेहसंमेलने ह्यांनी नाटकाच्या तारखा खाल्ल्या, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. ती आम्हांस अर्धीच पटते. करदात्याने बांधलेल्या जागेवर लावणी कलावंताचा हक्क नाटकवाल्याइतकाच आहे, आणि पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहणारे शाळकरी पोर हा उद्याचा प्रेक्षक आहे. खरा पेच निराळा आहे. शनिवार-रविवारच्या मूठभर सत्रांवर सगळ्यांची झुंबड, आणि मधले चार दिवस ओस. जी तारीख सर्वांना हवी ती बलवान निर्मात्याला मिळते. जी कोणालाच नको ती नवख्याला. वाटप न्याय्य असूनही फळ विषम येते.

ह्यावर आमची एक सूचना आहे, आणि ती इतिहासातूनच घेतलेली आहे. महापालिकेच्या प्रत्येक नाट्यगृहाने वर्षातून दोनदा-तीनदा सोमवार ते गुरुवारचे दोन सलग आठवडे एखाद्या संस्थेला मुक्कामासाठी द्यावेत, नाममात्र भाड्याने. अट एकच: संस्थेने त्या काळात किमान तीन निरनिराळी नाटके, त्याच नटसंचानिशी, आलटून पालटून करावीत. सेट रोज उतरवावा लागणार नाही, नटाला आज एक आणि उद्या दुसरी भूमिका करता येईल, आणि प्रेक्षकाला तुलनेचा तो हरवलेला आनंद परत मिळेल. पैशाचे गणित जुळेल का, असे विचारले जाईल. ओस पडलेल्या मंगळवारी आजही काही जुळत नाही. तेव्हा पालिकेचे नुकसान फारसे नाही. अडचण नटांची होईल, कारण एकेक नट तीन-चार नाटकांच्या तारखांत वाटला गेलेला असतो. म्हणून हा प्रयोग नव्या, तरुण संस्थांपासून सुरू व्हावा. त्यांना आज तारीख मिळत नाही. मुक्काम मिळाला तर कदाचित त्या मंडळी होतील.

दुसरी सूचना त्याहून स्वस्त आहे. प्रत्येक नाट्यगृहाने आपली यादी जपून ठेवावी. जाहिरातीची जागा आता भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतली आहे, आणि तेथली यादी प्रयोग संपताच पुसली जाते. हस्तपत्रक निदान कोणाच्या तरी पेटीत, कपड्यांच्या तळाशी राहून जाई. कोणत्या वर्षी कोणत्या रात्री काय झाले, काय जाहीर होऊनही झाले नाही, कोणाला तारीख मिळाली आणि कोण वाट पाहत राहिले, हे सांगणारा दुसरा पुरावा नाही. महिन्याला एक कागद, वर्षाला बारा. एवढे जरी शहराच्या ग्रंथालयात नेमाने गेले, तरी पुढच्या इतिहासकाराला आमच्यासारखे अंदाजाने चाचपडावे लागणार नाही.

१८५३ साली सांगलीच्या एका निराधार झालेल्या मंडळीने मुंबई शहराला अमुक रात्री या, आम्ही खेळ करू, असे कळवले. लोक आले, म्हणून पुढचे सारे घडले. आज नाट्यगृहे नगरांची आहेत, आणि तारखा देणारेही आपण निवडून दिलेले लोक आहेत. तेव्हा फलकावर काय लिहिले जाते ह्याची विचारणा करण्याचा अधिकार नाटकवाल्यांइतकाच तिकीट काढणाऱ्याचाही आहे.